ठरावांचा मुलूख

रविवार : नागपूर ते गडचिरोली

नागपूरहून गडचिरोलीची एसटी उमरेड, भिवापूर, नागभीड, ब्रह्मपुरी करत जाते. मे महिना. खिडकी उघडी ठेवली तर वारा भाजतो, बंद केली तर जीव गुदमरतो, आणि या प्रश्नावर बसमध्ये सरळ दोन पक्ष पडले होते. ब्रह्मपुरी मागं पडली की वैनगंगा लागते. नदीपलीकडे गडचिरोली जिल्हा. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरमधून तो वेगळा काढला, आणि तेव्हापासून महाराष्ट्राच्या नकाशात त्याची ओळख 'तिकडं बदली झाली' एवढीच राहिली.

शेजारी एक निवृत्त मास्तर होते. मी कशासाठी चाललोय हे कळल्यावर त्यांनी चष्मा काढून पुसला. "आदिवासींच्या हक्कावर लिहिता ना? लिहा. पण आमचंबी लिहा जी." त्यांचं गाऱ्हाणं खरं होतं. जून २०१४ मध्ये राज्यपालांनी अधिसूचना काढून अनुसूचित क्षेत्रातली तलाठी, ग्रामसेवक, शिक्षक अशी पदं स्थानिक अनुसूचित जमातींसाठी राखीव केली. जिल्ह्यात ओबीसींचं आरक्षण तेव्हा आधीच ६ टक्क्यांवर आलेलं होतं. मास्तरांच्या मुलानं डीएड केलं आणि आता तो पुण्यात कुरिअर वाटतो. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्यातली अनुसूचित जमातींची लोकसंख्या ३८.७ टक्के आहे. म्हणजे 'आदिवासी जिल्हा' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या जिल्ह्यात निम्म्याहून जास्त माणसं बिगरआदिवासी आहेत, आणि त्यातली बरीचशी मास्तरांसारखीच धानाच्या दोन बांध्यांवर जगणारी. हा गुंता डोक्यात ठेवूनच पुढं गेलेलं बरं. नाहीतर सगळं फार सोपं वाटायला लागतं.

गडचिरोलीत मित्र स्टँडवर आला होता. तो ग्रामसभांना हिशेब लिहायला शिकवतो. रोकडवही, पावतीपुस्तक, बँकेचं पासबुक, लेखापरीक्षणाची तयारी, हे त्याचं काम. रात्री जेवताना त्यानं मला एकच सूचना दिली. "गावात गेल्यावर 'तुमच्या समस्या काय' असं विचारू नकोस. पंचवीस वर्षं सगळे हेच विचारून जातायत. त्यांचं ठरावाचं रजिस्टर मागून घे, आणि त्या ठरावाचं पुढं काय झालं ते विचार."

सोमवार : मेंढा (लेखा)

धानोऱ्याच्या रस्त्यावर, धानोरा यायच्या थोडं अलीकडे, मेंढा आहे. लेखा ग्रामपंचायतीतलं शंभरेक घरांचं गोंडांचं गाव. 'दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा इथलीच. ती इतक्या भाषणांत वापरून झाली आहे की गावात पोचेपर्यंत मला तिचा थोडा कंटाळाच आला होता. कंटाळा गेला तो रजिस्टर बघितल्यावर.

आधी थोडा इतिहास. १९८४ च्या सुमारास गोदावरीवर इचमपल्ली आणि इंद्रावतीवर भोपालपट्टणम ही धरणं होऊ घातली होती. त्याविरुद्ध 'जंगल बचाव, मानव बचाव' आंदोलन उभं राहिलं. बाबा आमटे आणि आदिवासी नेते लालश्याम शाह त्यात होते, गावोगावचे आदिवासी होते. धरणं थांबली. मेंढ्याच्या लोकांनी तिथून घरी येताना एक प्रश्न आणला : जंगल आपलं म्हणतो, पण त्याचा कारभार आपण करतो का? देवाजी तोफा हे गावचं नेतृत्व. चंद्रपूरच्या वृक्षमित्र संस्थेचे मोहन हिराबाई हिरालाल अनेक वर्षं गावासोबत राहिले. त्यातून दोन गोष्टी गावात रुजल्या. एक अभ्यासगट. त्यात कुणीही यावं, बाहेरच्यालाही बोलवावं, कायदा समजून घ्यावा, भांडावं, पण निर्णय घ्यायचा नाही. दुसरी ग्रामसभा. निर्णय फक्त तिथं, आणि तोही सर्वसहमतीनं. मतदान नाही. एकाही माणसाचा विरोध असेल तर विषय पुढं ढकलायचा.

ऐकायला हे जरा भाबडं वाटतं. रजिस्टरमध्ये मात्र एका विषयापुढं 'पुढील सभेत' असा शेरा होता. पुढच्या सभेच्या पानावर तोच विषय, तोच शेरा. त्याच्या पुढच्याही.

"कोण अडून बसलं होतं?" मी विचारलं.

रजिस्टर दाखवणारे काका हसले. "एक म्हातारी. तिचं म्हणणं आमाले समजत नव्हतं. मग समजलं. तिचंच बरोबर होतं जी."

जयपालसिंग मुंडा १९ डिसेंबर १९४६ रोजी संविधान सभेत म्हणाले होते की आदिवासींना लोकशाही शिकवता येणार नाही, ती तुम्हालाच त्यांच्याकडून शिकावी लागेल. हॉकीचा ऑलिंपिक सुवर्ण मिळवणारा कर्णधार होता हा माणूस, सभागृहात कुणाला दबत नसे. त्या म्हातारीची गोष्ट ऐकताना त्यांचं ते वाक्य आठवलं. आमच्या सोसायटीची वार्षिक सभाही आठवली, पण ते जाऊ दे.

वनहक्क कायदा २००६ साली झाला. त्याच्या उद्देशिकेतच 'ऐतिहासिक अन्याय' असे शब्द आहेत. कलम ३(१)(झ) नुसार गावाला आपलं परंपरागत सामूहिक वनसंपत्तीचं क्षेत्र राखण्याचा आणि त्याचं व्यवस्थापन करण्याचा अधिकार मिळतो. दावा ग्रामसभेनं करायचा. गावची वनहक्क समिती पुरावे गोळा करते, मग तो उपविभागीय समितीकडं आणि तिथून जिल्हा समितीकडं जातो. पुरावा म्हणून मेंढ्याकडं जुना निस्तार होता. मालगुजारी-जमीनदारीच्या काळापासून घरासाठी लाकूड, सरपण, बांबू, चराई यांचे गावाचे जे हक्क होते, ते निस्तारपत्रकात लिहिलेले असतात. २००९ मध्ये मेंढा आणि शेजारचं मर्दा या गावांना देशातले पहिले सामूहिक वनहक्क मिळाले. मेंढ्याच्या वाट्याला सुमारे १,८०० हेक्टर जंगल आलं.

कागद मिळाला, आणि खरी कटकट तिथून पुढं सुरू झाली. जंगलात बांबू भरपूर. कायद्यानं बांबू गौण वनोपज, म्हणजे मालकी गावाची. पण १९२७ च्या भारतीय वन कायद्याप्रमाणं तोच बांबू झाडात मोडत होता. वाहतूक परवाना देण्याचा अधिकार वनखात्याकडं. मग बांबू तुमचा, पण गावाच्या शिवेबाहेर काढायचा नाही, असा प्रकार. गिऱ्हाईक यायचं, परवाना नाही म्हटल्यावर परत जायचं. मार्च २०११ मध्ये तेव्हाचे केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी सगळ्या मुख्यमंत्र्यांना बांबूबद्दल पत्र लिहिलं, आणि २७ एप्रिल २०११ रोजी स्वतः मेंढ्यात येऊन वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं.

ते पुस्तक म्हणजे साधं पावतीपुस्तक असतं. अनुक्रमांक, मालाचं वर्णन, नग, गाडीचा क्रमांक, कुठून कुठं, सही, शिक्का. काकांनी एक भरलेली प्रत दाखवली. कार्बनची निळी अक्षरं जरा फिसकटलेली. "पयले हे पुस्तक गार्डाकडं राहे," ते म्हणाले. त्या एका वाक्यात दीडशे वर्षांचं वनखातं आलं.

पुढं २०१३ मध्ये गावानं महाराष्ट्र ग्रामदान कायद्याखाली आपली शेतजमीनही ग्रामसभेच्या नावे करायचं ठरवलं. प्रत्येकानं आपापला सातबारा गावाकडं सोपवायचा, कसायचं मात्र त्यानंच. मला हे पचायला जड गेलं. जमीन एकाच्या नावावर असली की ती विकायचा मोह एकट्यालाच होतो, आणि सगळ्यांच्या नावावर असली की सगळ्यांना विचारावं लागतं, असं काकांचं म्हणणं. यावर मी वाद घातला नाही. पटलं असं मात्र नाही.

गोटूलची हकिगत संध्याकाळी ऐकली. गोटूल म्हणजे गोंडांच्या गावातलं तरुणांनी एकत्र जमायचं घर. गावानं सागाच्या खांबांवर ते बांधलं, वनखात्यानं ते पाडलं. तेव्हा आसपासच्या गावांनी एकत्र येऊन आपापल्या गावी तशीच गोटूलं उभारायचं ठरवलं. मग खातं गप्प बसलं. सांगणाऱ्याच्या आवाजात अजून मजा होती.

मंगळवार : तेंदू, आणि मोहगाव

पहाटे साडेतीनला उठवलं. मुक्काम होता त्या घरातली सगळी माणसं जंगलात निघाली होती. आजी, सून, दोन पोरं. तेंदूचा हंगाम वर्षातून दोन-तीन आठवड्यांचा, आणि ऊन चढायच्या आत पानं तोडून घरी यावं लागतं. बॅटरीच्या उजेडात झुडपं चाचपत ते लोक इतक्या भराभर तोडत होते की माझ्या हातात एक पान येईपर्यंत आजीच्या ओंजळीत वीस असायची. फार कोवळं नको, जाडं नको, किडीनं भोकं पाडलेलं नको. हे सगळं त्यांची बोटंच ओळखतात.

नऊच्या आत घरी. मग ओसरीवर पुडकी बांधायचं काम. सत्तर पानांचं एक पुडकं, पानांची पाठ पाठीला, सालीच्या दोरीचा एक वेढा आणि अंगठ्यानं दाबून गाठ. सून मोजत नव्हती. मी तिच्या दोन पुडक्यांची पानं गुपचूप मोजली. एकात सत्तर, दुसऱ्यात एकाहत्तर. हजार पुडक्यांची एक प्रमाण गोणी होते. सगळा बाजार तिच्यावर चालतो. संध्याकाळी पुडकी फळीवर, म्हणजे संकलनाच्या जागी, न्यायची. तिथं ती उन्हात ओळीनं उलटी-पालटी मांडून सुकवतात.

पूर्वी फळीवर ठेकेदाराचा मुन्शी बसायचा आणि शेकडा पुडक्यांमागं चार-दोन 'खराब' म्हणून बाजूला काढायचा. ती त्याचीच होत. आता या गावात ग्रामसभेचा माणूस बसतो. अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा पेसा कायदा २४ डिसेंबर १९९६ चा. महाराष्ट्रानं त्याचे नियम केले ४ मार्च २०१४ रोजी, सतरा वर्षांनी. (घाई कुणाला होती?) तेव्हापासून अनेक ग्रामसभा स्वतःच वर्तमानपत्रात जाहिरात देऊन तेंदूचा लिलाव करतात. मजुरीवर स्वामित्वशुल्काची रक्कम मिळते, आणि ती खात्याकडून बोनस म्हणून कधीतरी यायची तशी न येता थेट ग्रामसभेच्या खात्यात जमा होते. जिल्ह्यातल्या चौदाशेहून अधिक गावांना सामूहिक वनहक्क मिळाले आहेत. देशात दुसऱ्या कुठल्या जिल्ह्याचं नाव या बाबतीत असं घेतलं जात नाही.

सगळं गोड आहे असं नाही. ठेकेदार आपापसात ठरवून भाव पाडतात. करारात पहिला हप्ता देतात, माल उचलतात, उरलेले पैसे बुडवतात. गावाच्या वकिलाला तालुक्याला हेलपाटे पडतात ते वेगळेच. मित्राचं निम्मं काम याच भानगडीतलं. करारात कुठली अट आधी लिहायची, आगाऊ रकमेशिवाय गाडी सोडायची नाही, हे तो घोकून घेतो. "जंगलाचा हक्क मिळाला तो दिवस सोहळ्याचा. गाडी अडवायचा दिवस भांडणाचा. फोटो पहिल्याचे निघतात," तो म्हणाला.

दुपारी मोहगाव. धानोरा तालुक्यातलंच. इथं ग्रामसभेनं २०१९ मध्ये स्वतःची गोंडी माध्यमाची शाळा सुरू केली. नाव 'पारंपरिक कोया ज्ञानबोध संस्कार गोटूल'. उन्हाळ्याची सुट्टी असल्यामुळं शाळा बंद होती, त्यामुळं वर्ग कसा चालतो ते पाहता आलं नाही. शाळेपुढचं प्रकरण मात्र समजून घेता आलं. शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १८ प्रमाणं मान्यतेशिवाय शाळा चालवता येत नाही, लाखापर्यंत दंड आहे. त्याच कायद्याचं कलम २९ म्हणतं की शक्यतो मुलाच्या मातृभाषेत शिकवावं. संविधानाचं कलम ३५०-क प्राथमिक शिक्षण मातृभाषेत देण्याची सोय करायला राज्यांना सांगतं. पेसा म्हणतो की आपली परंपरा आणि सांस्कृतिक ओळख जपायला ग्रामसभा सक्षम आहे. शिक्षण विभागानं नोटीस दिली ती पहिल्या कलमावर बोट ठेवून. ग्रामसभा उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात गेली ती बाकीच्यांवर.

२०११ च्या जनगणनेत गोंडी बोलणारे सुमारे २९ लाख ८० हजार. संविधानाच्या आठव्या अनुसूचीत गोंडी नाही. बोडो आणि डोगरी २००३ च्या घटनादुरुस्तीनं त्यात आल्या, आणि दोन्ही बोलणाऱ्यांची संख्या गोंडीपेक्षा कमी आहे. त्यांना मिळालं ते योग्यच झालं. गोंडीचं घोडं अडलं कुठं, तर ती सहा-सात राज्यांत विखुरली आहे आणि कुठल्याच राजधानीत तिच्या नावानं सरकार पडत नाही, म्हणून.

गावातल्या एका तरुणानं सांगितलं ते जास्त लक्षात राहिलं. तो जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलीला गेला तेव्हा त्याला मराठीचा एक शब्द येत नव्हता. गुरुजींना गोंडीचा येत नव्हता. "पयलं वर्ष आमी दोघंबी गप्पच होतो," तो म्हणाला.

बुधवार : कोरची

धानोऱ्याहून कोरचीला जायचं तर कुरखेड्यावरून. रस्ता चांगला, जीपचं इंजिन वाईट. कोरची छत्तीसगडच्या सीमेवरचा तालुका, त्यामुळं चहाच्या टपरीवर गोंडी, मराठी, छत्तीसगढी आणि हिंदी एकाच वाक्यात सापडतात.

इथल्या नव्वदेक ग्रामसभांनी मिळून महाग्रामसभा केली आहे. एकटं गाव ठेकेदारापुढं लहान पडतं, बाहेर नव्वद गावांचा माल एकत्र आहे म्हटल्यावर त्याचा आवाज खाली येतो. झेंडेपारच्या लोहखनिज खाणीच्या प्रस्तावाला या भागातल्या गावांनी विरोध केला. त्याच्या पाठीशीही हे एकत्र येणंच आहे.

बैठक एका मोठ्या खोलीत होती. मी भिंतीला टेकून बसलो. तीसेक माणसं, त्यात बायका निम्म्या तरी. या तालुक्यात बायकांचे बचतगट आधी उभे राहिले, ग्रामसभा नंतर बळकट झाल्या. कुरखेड्याच्या 'आम्ही आमच्या आरोग्यासाठी' या संस्थेचं काम १९८४ पासूनचं. त्यामुळं इथल्या बायका 'आमाले काय कळते' म्हणत नाहीत. विषय होता वैयक्तिक वनहक्काच्या पट्ट्यावर नाव कुणाचं. कायद्याप्रमाणं हा पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावे हवा. एका गावाचे पट्टे आले होते त्यात बायकोचं नाव कंसात होतं.

"कंस कायले?" एक बाई म्हणाल्या. वय साठीच्या पुढं, कपाळावर आणि हनुवटीवर गोंदण. "नांगर धरताना मी कंसात रायते का?"

सगळे हसले. त्यांचं म्हणणं ठरावात गेलं. लिहिणाऱ्या मुलानं 'पत्नीचे नाव कंसाबाहेर लिहावे' असं लिहिलं, मग खोडून 'पती व पत्नी यांची नावे समान दर्जाने नमूद करावी' असं केलं. मला पहिलं जास्त आवडलं होतं.

मग मोहफुलांच्या भावावर चर्चा सुरू झाली, ती गोंडीत. मला कुणी भाषांतर करून दिलं नाही आणि मीही मागितलं नाही. तासभर नुसते आवाज ऐकत बसलो. कोण चिडतंय, कोण समजावतंय, कुणाचं बोलणं संपल्यावर बाकीचे थोडं थांबतात, हे कळत होतं. बाहेरून आलेल्या माणसानं तेवढ्यात समाधान मानायला काही हरकत नसावी.

गुरुवार : आष्टी, आलापल्ली, एटापल्लीचा रस्ता

जिल्ह्याच्या उत्तर टोकावरून दक्षिणेकडं. सकाळी निघून दुपार उलटून गेली. आष्टीनंतर रस्त्याचा रंग बदलतो. लोहखनिजाचे ट्रक एकामागून एक. धूळ लाल. रस्त्याकडेच्या सागाची पानंही तांबडी झालेली, घरांच्या कौलांवर तोच थर. ट्रक थांबले की आम्ही थांबायचो, आणि ते बराच वेळ थांबत होते.

एटापल्ली तालुक्यातला सुरजागडचा डोंगर हे माडियांच्या ठाकूरदेवाचं ठिकाण. दर जानेवारीत तिथं यात्रा भरते, सुरजागड इलाख्यातल्या सत्तरेक गावांची. माडिया गोंड ही महाराष्ट्रातल्या तीन विशेष असुरक्षित जमातींपैकी एक. बाकीच्या दोन कातकरी आणि कोलाम. याच डोंगरावर २००७ साली सुमारे ३४८ हेक्टरचा खाणपट्टा दिला गेला. डिसेंबर २०१६ मध्ये माओवाद्यांनी तिथं कित्येक ट्रक आणि यंत्रं जाळली. काही वर्षं काम रखडलं, २०२१ पासून जोरात सुरू झालं, २०२३ मध्ये वर्षाला एक कोटी टन काढायची पर्यावरण मंजुरी मिळाली. त्याच वर्षी पलीकडच्या तोडगट्टा इथं नव्या खाणींविरोधात गावकऱ्यांनी मार्चपासून धरणं धरलं, आठ महिन्यांनी नोव्हेंबरमध्ये ते उठवण्यात आलं.

मित्रानं रविवारी दिलेली सूचना इथं अडली. ग्रामसभांचे ठराव इथंही आहेत, खाणीला विरोध करणारे, शिक्क्यासह. त्यांचं पुढं काय झालं? पेसा कायद्यात गौण खनिजांसाठी, म्हणजे मुरूम, वाळू, गिट्टी यांच्यासाठी, ग्रामसभेची शिफारस लागते. लोहखनिज हे प्रमुख खनिज, ते त्यात येत नाही. पेसाप्रमाणं भूसंपादनापूर्वी ग्रामसभेशी नुसता विचारविनिमय करायचा, संमतीची सक्ती नाही. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयानं ३ ऑगस्ट २००९ च्या परिपत्रकात वनजमीन वळती करण्याआधी ग्रामसभेची संमती मागितली होती. २०२२ च्या नियमांनी वनहक्कांची पूर्तता तपासायची जबाबदारी राज्याकडं ढकलली आणि ती पायरी मागं पडली. ओडिशात २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानं नियमगिरी डोंगरावरच्या खाणीबद्दल तिथल्या बारा ग्रामसभांना विचारलं गेलं, बाराही 'नाही' म्हणाल्या, आणि डोंगर वाचला. तसं विचारणं पुन्हा फारसं झालेलं नाही.

तेंदूच्या पानाच्या बाबतीत गावाचा ठराव चालतो. डोंगराच्या बाबतीत तो फाइलला लागतो. आठवडाभर हिंडून माझ्या हाती लागलं ते एवढंच, आणि ते या रस्त्यावर ट्रकमागं उभं राहिल्यावर लागलं.

संध्याकाळी आलापल्लीत मित्राच्या ओळखीची काही पोरं भेटली. एक खाणीवर सुरक्षारक्षक. एक ट्रकवर. एक गडचिरोलीच्या गोंडवाना विद्यापीठात शिकणारा. विद्यार्थी खाणीविरुद्ध बोलत होता. रक्षक ऐकत होता, मग म्हणाला, "तू बोल. मी उद्या ड्युटीवर जातो. माझ्या बहिणीची फी त्याच पैशातून भरतो." त्यांच्यात भांडण झालं नाही. ते एकमेकांचे मामेभाऊ निघाले.

विद्यार्थ्यानं मोबाइलवर संयुक्त राष्ट्रांचा १३ सप्टेंबर २००७ चा आदिवासी हक्कांचा जाहीरनामा काढला. १४४ देश बाजूनं, चार विरोधात, अकरा तटस्थ. भारतानं बाजूनं मत दिलं. त्यातलं कलम ३२ त्यानं वाचून दाखवलं : आदिवासींच्या जमिनीवर प्रकल्प आणण्याआधी त्यांची मुक्त, पूर्वसूचित संमती घ्यावी. जाहीरनामा बंधनकारक नाही, आणि भारत सरकारची भूमिका अशी की स्वतंत्र झाल्यावर इथली सगळीच जनता इथली मूळ आहे. "खाणपट्टाबी त्याच सालचा," रक्षक म्हणाला. २००७. हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

भामरागडला, पर्लकोटा-पामुलगौतम-इंद्रावतीच्या संगमावर, जायचं होतं. वेळ उरला नाही.

शुक्रवार : एक कचेरी, मग चंद्रपूर

सकाळी मित्राजवळ एक काम होतं. एका गावानं आपल्या वनहक्क क्षेत्राच्या हद्दीबद्दल ठराव केला होता. नकाशात गावाची देवराई आणि तिच्या बाजूचा नाला वनखात्याच्या शेजारच्या कक्षात दाखवला होता. ठरावाची प्रत सरकारी कचेरीत द्यायची आणि दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घ्यायचा, एवढंच. सोबत गावचे गायता, म्हणजे गावदेवाचे पुजारी, आणि ग्रामसभेचा अध्यक्ष आले होते. चाळीस किलोमीटरवरून, मोटारसायकलवर. गायतांच्या डोक्याला पांढरा फेटा, हातात ठरावाची गुंडाळी, प्लास्टिकच्या पिशवीत.

टेबलावरच्या बाबूंनी प्रत चाळली. "हे इथं नाही, तिकडं." तिकडच्यांनी सांगितलं साहेब दौऱ्यावर. मग "सोमवारी या." अध्यक्षानं आवाज न चढवता विचारलं, "घेत नाही असं लिहून द्या मंग." बाबूंनी वर पाहिलं. हे वाक्य मित्रानं शिकवलेलं असणार असं मला वाटलं. नंतर कळलं, उलट मित्र ते अध्यक्षाकडून शिकला होता. साडेबाराला शिक्का बसला. आवक क्रमांक, तारीख, आद्याक्षरी सही. गायतांनी शिक्क्यावर फुंकर मारली, शाई वाळायची वाट पाहिली आणि मगच कागद पिशवीत घातला. आम्ही बाहेर येऊन चहा घेतला. मी पैसे द्यायला गेलो, त्यांनी देऊ दिले नाहीत. ग्रामसभेच्या प्रवासखर्चात बसतं म्हणाले, आणि टपरीवाल्याकडून पावती मागितली. टपरीवाल्यानं आयुष्यात कधी पावती दिली नव्हती. वहीच्या कागदावर 'चहा ४' असं लिहून त्यानं सही केली.

दुपारी गोंडपिपरी, बल्लारपूर करत चंद्रपूर. गोंड राजांचं शहर. परकोट अजून उभा आहे. जिल्हा कारागृहात, जिथं पिंपळ आहे, तिथं २१ ऑक्टोबर १८५८ रोजी बाबूराव शेडमाके यांना फाशी दिलं. वय पंचवीस. मोलमपल्लीचा हा जमीनदार ब्रिटिशांविरुद्ध गोंड, माडिया, रोहिल्यांना घेऊन लढला. मराठी शाळेत आम्हाला १८५७ शिकवताना मेरठ, झाशी, कानपूर, अगदी कोल्हापूरसुद्धा होतं. चंद्रपूर नव्हतं. चूक पुस्तकाची होती, आणि ती दुरुस्त व्हायला फार वर्षं लागली.

गाडी रात्रीची होती. स्टेशनवर मित्र त्या शिक्क्याचा फोटो गावाच्या व्हॉट्सॲप गटावर टाकत होता. अध्यक्षाचं उत्तर आलं : तीस दिवस मोजतो, उत्तर नाही आलं तर माहिती अधिकाराचा अर्ज. खाली कुणीतरी अर्जाचा नमुनाही टाकला होता, आधीच भरून, फक्त तारीख कोरी ठेवून.